निळ्या टोकाची गोळी

कातळवस्ती, तालुका राहुरी
१२ नोव्हेंबर २०२४

'राँग नंबर' म्हणताना तुझ्या नवऱ्याने निदान आवाज तरी बदलायचा. दिवसभर शोरूममध्ये गोड बोलून गाड्या विकतो, तोच आवाज. मी म्हटलं, हर्षलराव, मी बनाबाई, सायलीची आजी. तर म्हणे राँग नंबर. त्यानंतर माझा फोन लागेनासाच झाला. शेजारची आरती बघून म्हणाली, "आजी, तुला ब्लॉक केलंय." बरं केलं. पोस्टमनला अजून कुणी ब्लॉक करत नाही, म्हणून कागद घेतला. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

सायली, आशीर्वाद. पोटातलं बरं असेल असं धरून चालते.

भाऊबीजेला तुषार आला नाही म्हणून तुझी सासू काय काय बोलली असेल ते मला इथून ऐकू येतं. छबूबाईंना सांग, तो निघाला होता. आपल्यात दिवाळी नाही, तरी सासरच्या चार माणसांत बहिणीचं ताट रिकामं दिसू नये म्हणून आंघोळ करून, नवा शर्ट घालून निघाला होता. पिशवीत तुला साडी, शेवेचा पुडा आणि तुझा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा. तूच फोनवर म्हणालीस ना, तुषार, माझा डबा घेऊन ये, लहानपणचं सामान आहे त्यात. घरात त्या डब्याचं झाकण कुणी उघडलं नव्हतं. मुलीची वस्तू, तिची ती उघडेल, असं मीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

निवडणुकीची तपासणी चालली होती. नगर रोडच्या नाक्यावर त्याची मोटारसायकल थांबवली आणि झाकण फौजदाराने उघडलं. रिबिनी, शाळेचा बिल्ला, चिंचोके, मोराचं पीस आणि तळाशी गोळी. रायफलची. अख्खी. टोकाला निळा रंग.

तिथं जे बोलणं झालं ते मला मागून येणाऱ्या दूधवाल्या अंगदने सांगितलं.

"डबा कुणाचा?"

"माझा."

"रिबिनी घालतो का रे तू?"

"व्हय, घालतो."

सगळा नाका हसला म्हणे. मग त्याला गाडीत बसवलं.

आता तो नगरच्या जेलमध्ये आहे. बरा आहे. पोलीस भरतीचं ग्राउंड त्याने काढलं होतं, लेखी राहिली होती. आता जेवढे पोलीस बघायचे तेवढे आतूनच बघेल.

पेपरात आलं की निळ्या टोकाची गोळी म्हणजे आग लावणारी, लष्करातली, आणि मतदानात काही घातपात करायचा बेत होता का, याचा तपास चालू आहे. कुठल्या तरी साहेबाने मोबाईलमध्ये बघून सांगितलं असणार. रंगांचं मलाही कळतं. लष्कराच्या गोळीबाराच्या रेंजच्या कडेला जन्म गेला माझा. विहिरीवर पाण्याला येणाऱ्या एका सुभेदाराने तुझ्या आजोबांना समजावून दिलं होतं: साध्या गोळीला रंग नसतो. तांबड्या टोकाची मागे जाळ ओढत जाते, रात्री सरावाला दिसतात त्या. काळी लोखंडातून जाते. निळी आग लावते, पण ती जुन्या काळची, इकडं कुणी बघितली नाही. आजोबांनी त्यातून आम्हाला एकच धडा दिला, टोकाला रंग दिसला की हात मागं.

मग आपल्या घरात निळी कुठून आली? तुला ठाऊक आहे. सगळी वस्ती रेंजवरचं पितळ वेचायची, आणि सगळ्यांचा माल कानिफनाथच्या टेम्पोतून एकदमच भंगारवाल्याकडं जायचा. कुणाचं कुठलं यावरून भांडणं नकोत म्हणून घरोघरचा रंग ठरलेला. कानिफनाथचा तांबडा, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला. आपला निळा, चौदा एप्रिलला कमानीला देऊन उरलेला. आणि आपल्याकडं तर तुझा बाप आधी प्रत्येक वस्तू हातात फिरवून बघायचा, मेलेलीला निळा लावायचा, जिवंत वाटली तर जिथली तिथं टाकून यायचा. निळा म्हणजे रंगनाथने बघितलंय, आपलं आहे, भीती नाही.

तेव्हा ये आणि एवढंच सांग: डबा माझा, रंग आमच्या घरचा, भावाला आत काय आहे ते माहीत नव्हतं. तीन वाक्यं. पाठ करायलाही नकोत.

तुझी आजी
बनाबाई


९ डिसेंबर २०२४

पाकीट परत आलं. वर 'घेण्यास नकार' असं लिहिलंय. अक्षर बाईचं नाही. चिकटवलेलं मात्र उघडून पुन्हा चिकटवलंय, तेव्हा वाचलं कुणीतरी. तेच पत्र आत घालून हे रजिस्टरने पाठवते. पोस्टातला बाबू म्हणाला, "आजी, पोचपावती लावली की घेणाऱ्याची सही परत येती." म्हटलं, लाव बाबा. नात नाही तर नातीची सही तरी येऊ दे घरी.

आपल्याला सरकारकडून वकील मिळाली आहे. पूजा मॅडम. तुझ्याच वयाची, केस कापलेले, स्कूटरवर येते. बोलते भरभर पण ऐकूनही घेते. तिनं मला असं सांगितलं: "आजी, एक गोळी सापडली एवढ्यानं माणूस गुन्हेगार होत नाही. ती आपल्याजवळ आहे हे त्याला माहीत पाहिजे. माहीत नव्हतं हे कोर्टाला पटलं तर तो सुटू शकतो. पण तो स्वतःच म्हणतो, डबा माझा, सगळं मला माहीत होतं."

मग मी भेटीला गेले. जाळीच्या पलीकडं उभा होता. शर्ट तोच, भाऊबीजेचा.

मी म्हटलं, "तायडीचा डबा म्हणून सांग की सरळ."

"न्हाई."

"का?"

"तिला दिवस गेलेत. तिला ठाण्यात बसवतील आजी. तिच्या घरचे काय म्हनतील?"

"आणि तुला काय म्हणतील?"

"मला कोन काय म्हननार? मी हाय इथं."

त्याचा पुढचा दात नाही. म्हणाला, नळावर पाय घसरला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ माणसं घसरलेली बघितली आहेत. पुढं काही विचारलं नाही. मागच्या पत्रात तो बरा आहे असं लिहिलं होतं, ते खोडून टाक.

निघताना म्हणाला, "आजी, तू जर तायडीचं नाव घेतलंस तर मी तुझं तोंड बघनार न्हाई." मी ठाण्यात जाऊन ते आधीच घेऊन आले होते, हे त्याला सांगितलं नाही. उपयोगही झाला नव्हता. तिथला एकजण जेवत होता. म्हणाला, "आजी, आरोपी म्हणतो माझा डबा, तुम्ही म्हणता नातीचा. नातीला घेऊन या, मग बघू." भाकरी मात्र विचारली त्याने. मी नको म्हटलं.

सहा तारखेला वस्तीतले सगळे विहारात होते. तुझ्या बापाने मेणबत्ती लावली, ती धरायला त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळीच राहिली आहे, तेही तुला ठाऊक आहे. रेंजवरची वस्तू त्याच्या हातात फुटली त्या दिवशीपासून आपलं वेचणं बंद झालं. ऐकू तर त्याला जवळजवळ काहीच येत नाही. सगळ्यांनी तुषारचं विचारलं. मी म्हटलं, बरा आहे.

बनाबाई


२१ जानेवारी २०२५

पोचपावती आली. सही तुझी आहे. 'स' चा पाय अजून तसाच लोंबतो, बाईंनी पट्टी मारूनही सुधारला नव्हता. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलं आणि तू ते वाचलंस. इतके दिवस मी नवऱ्याला दोष देत होते. आता कुणाला देऊ ते सांग.

कानिफनाथकडं गेले होते. म्हटलं, बाकी काही नको, कोर्टात एवढंच सांग की वस्तीत घरोघरचे रंग होते, बनाबाईचा निळा होता.

तो म्हणाला, "बनाबाई, रंगाचं सांगायचं म्हंजी वेचायचं सांगायचं. वेचायचं सांगितलं की टेम्पो कुनाचा हुता? माझा."

"वीस वर्षं तुझ्या टेम्पोत माल घातला आम्ही."

"म्हनून तर."

त्याची सून सुपारी कातरत बसली होती. तिनं मान वर केली नाही. चहा आणला, तो मी प्याले. चहावर राग काढण्यात काय अर्थ.

आपल्या लोकांनी आपल्या लोकांसाठी खूण करून ठेवली आणि बाहेरच्या माणसाला ती समजावून सांगायला एकजण उभा राहत नाही. मग मी पूजा मॅडमला म्हटलं, कुणी सांगायला नको. ती गोळी मुंबईला तपासायला गेलीय ना, त्यांना म्हणावं निळा रंग खरवडून बघा. तो कारखान्याचा नाही, डब्यातला ऑइलपेंट आहे, कमानीचा. मॅडम म्हणाली, "आजी, नक्की ना? एकदा मागितलं की जे निघेल ते निघेल." मी म्हटलं, लिही. तिनं अर्ज लिहिला.

तेव्हा आता तुझ्यावाचूनही काम होईल असं दिसतं. तरी तू ये.

जामीन नाकारला. हे शेवटी लिहिलं, कारण पहिल्यांदा लिहिलं असतं तर पुढचं लिहिणं झालं नसतं.

बनाबाई


३ मार्च २०२५

मुलगी झाली म्हणे. तेही तुझ्याकडून कळलं नाही. हर्षलरावांनी पूजा मॅडमला फोन केला, घरी तान्हं बाळ आहे, त्या म्हातारीला आवरा. मॅडम मला सांगताना हसली नाही, मीच हसले. माझ्या पणतीची बातमी मला तक्रारीतून मिळाली. पोरीला माझा आशीर्वाद. नाव काय ठेवलं ते कळवू नको, मग ते डोक्यात राहतं.

तपासणीचा कागद आला. मॅडमने कोर्टाच्या व्हरांड्यात वाचून दाखवला. पहिलं वाक्य होतं, निळा रंग हा घरगुती वापराचा ऑइलपेंट आहे. मी मॅडमचा हातच धरला. म्हटलं, बघ, मी काय म्हणत होते.

ती म्हणाली, "आजी, पुढचं ऐका. निळ्याच्या खाली लाल रंग निघालाय. तो मूळचा आहे, कारखान्यातला. गोळी जिवंत आहे."

मी विचारलं, "म्हणजे जाळ ओढणारी?"

"हो. आणि सरकारी वकील म्हणतात, ओळख पटू नये म्हणून वरून निळा दिला. ज्याने दिला त्याला आत काय आहे ते पक्कं माहीत होतं. तुषार म्हणतो सगळं त्याचं आहे, तेव्हा रंगही त्याचाच धरतील."

खरवडा म्हणून मीच म्हटलं होतं.

घरी येऊन तुझ्या बापाच्या कानाशी ओरडून सांगितलं. तीनदा ओरडावं लागलं, सगळ्या वस्तीला कळलं. तो म्हणाला, "तांबडी? तांबडीला मी निळा कधीच लावला न्हाई." मग माझ्याकडं बघत राहिला. दोघांना एकदमच कळलं असणार, कारण तो उठून बाहेर गेला आणि मी चूल पेटवायला घेतली, जेवायची वेळ नसताना.

चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तू नऊ वर्षांची. कमानीचा रंग उरला आणि ब्रश तुझ्या हातात पडला. शेळीची शिंगं रंगवलीस, उंबरा रंगवलास, स्वतःच्या पायाचं नख रंगवलंस. त्याच दुपारी तू बापाच्या मागोमाग रेंजवरून आली होतीस, परकराचा खिसा मुठीत धरून. मला वाटलं चिंचा आहेत. तुला ती तांबड्या टोकाची आवडली असणार. दिसायला चांगलीच असते. आणि बापाने बघितली तर टाकून देईल हेही तुला ठाऊक होतं. घरात एकच रंग असा होता की तो दिसल्यावर पुढं कुणी बघत नसे. तो तू लावलास.

सरकारी वकील खरं बोलतोय, सायले. लपवायलाच लावला होता. फक्त माणूस चुकलाय त्याचा.

नऊ वर्षांच्या पोरीला कोण काय करणार? तुला दोष देत नाही असं लिहिणार होते, पण मग ते खोटं झालं असतं. नऊ वर्षांच्या पोरीला देत नाही. आता ज्या बाईची सही पोचपावतीवर येते, तिला देते.

तो डबा इतकी वर्षं चुलीवरच्या फळीवर होता. खाली मी रोज भाकरी थापत होते. आपण सगळे तिथं जेवत होतो. तुझ्या बापाने एकदा डबा हलवून विचारलं होतं, यात काय वाजतंय, आणि तू म्हणालीस चिंचोके.

बनाबाई


१३ एप्रिल २०२५

आधीच्या पत्राची पोचपावती आली. या वेळी सही करताना पेन उठलं आहे मध्येच. मूल रडलं असेल. दुसरं काही समजायला मला परवडत नाही.

बाहेर कमान रंगवणं चाललंय. डबा उघडून ठेवलाय, वास थेट घरात येतो. वैजनाथची पोरं यंदा रंग देतात, तुषार दरवर्षी वरचा भाग घ्यायचा, उंच म्हणून. त्यांनी वरचा भाग तसाच ठेवलाय. मी म्हटलं, शिडी आणा आणि पुरा करा, नाटकं नकोत. मग त्यांनी पुरा केला. माझ्या हाताला लागलाय, कागदालाही लागेल.

परवा भेटीला गेले. तुषार बारीक झालाय. म्हणाला, "आजी, बावीस तारखेला मी कबूल करनार हाय."

"काय कबूल करणार?"

"गोळी माझी, रंग माझा. मॅडम न्हाई म्हनतात, पन आतली मानसं म्हनतात, कबूल केलं की शिक्षा कमी हुती. न्हाईतर तारखा पडत ऱ्हातील, कुनीतरी तायडीला बोलवंल. तिच्याजवळ तान्हं हाय."

"तिनं तुला एक ओळ लिहिली का?"

तो म्हणाला, "तिला वेळ कुठं मिळतो."

मग विचारलं, "भाची कुनासारखी हाय?" मी म्हटलं, तुझ्यासारखी. मी बघितलेली नाही. पण त्याने हसून मान हलवली आणि तोंडातली खिंड दिसली. कबूल केल्यावर भरती संपली, नोकरी संपली, हे त्याला कळतं. मॅडमने मला विचारलं, याला कुणी घाबरवलंय का. मी म्हटलं नाही, याला कुणी घाबरवत नाही, तीच अडचण आहे.

आता मी ज्यासाठी बसले ते लिहिते.

सगळ्यांनी त्या डब्याच्या आत बघितलं. फौजदाराने, कोर्टाने, मुंबईवाल्यांनी. उलटा कुणी केला नाही. त्याच्या बुडाला एक निळा अंगठा आहे, लहान, चिंचोक्यापेक्षा थोडा मोठा. ओल्या रंगाच्या हाताने तू डबा उचललास तेव्हाचा. फळी पुसायला डबा उचलला की दरवेळी मला दिसायचा, आणि घासून काढावा असं मनात यायचं, आणि राहून जायचं. बरं झालं आळस केला.

तुषार त्या साली पाच वर्षांचा होता आणि महिनाभर मामाकडं होता. तो अंगठा त्याचा असूच शकत नाही. माणसाचा अंगठा मोठा होतो पण त्यावरच्या रेघा त्याच राहतात, हे तलाठ्याच्या दारात लोकांचे अंगठे घेताना बघून मलाही कळलंय.

पूजा मॅडमला अजून सांगितलेलं नाही. बावीसला सकाळी सांगणार आहे. तुषार माझं तोंड बघणार नाही म्हणालाय, नाही तर नाही. बघण्यासारखं फार काही उरलेलंही नाही त्यात. पण एवढ्याने काही होईल असं मला वाटत नाही. म्हातारी आजी एक डाग दाखवते, आरोपी म्हणतो डाग माझा, कोर्टाला पुढची केस असते. तू आली नाहीस तर तो डाग आहे. तू येऊन शेजारी बोट टेकवलंस तर तो अंगठा आहे. यात मी, तुझा बाप, मॅडम, कुणी काही करू शकत नाही.

आलीस तर तुझ्या घरात काय होईल ते मला कळतं. शोरूमवाल्याची बायको गोळ्या वेचत होती, हे तुमच्या सगळ्या सावेडीत होईल. सासू बोलेल. नवरा कदाचित बोलणारही नाही, ते जास्त वाईट. पोरीला घेऊन इथं यावं लागलं तर फळी रिकामी आहे आणि चूल चालू आहे. याच्यापेक्षा चांगलं काही माझ्याजवळ द्यायला नाही, म्हणून देते असं सांगत नाही.

तू येशील असं मी धरून चाललेले नाही. पाच महिने पोस्टात जाऊन जाऊन मला तेवढं समजलं. तरी लिहिते, कारण नंतर तू म्हणू नयेस, मला कुणी सांगितलं नाही.

या पत्राची पोचपावती लावलेली नाही. मला सही नको. हर्षलने फोन करायचा नाही, छबूबाईंनी निरोप पाठवायचा नाही, तुझ्या बापाने आणि मी तुझ्यातर्फे काही बोलायचं नाही. मलाही उत्तर लिहू नको. बावीस तारखेला सकाळी, नगरच्या कोर्टात, तुषारचं नाव पुकारल्यावर त्याने तोंड उघडायच्या आत तू उठायचं. उत्तर तू द्यायचं, आणि त्याच्याकडं बघून द्यायचं.

बनाबाई